सार्वजनिक बागा आणि मैदानं : नागरिकांचे नेहमीचे प्रश्न

नवी बाग करायला निधी मिळतो, पण झालेली बाग सांभाळायला माळी मिळत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांचं दुखणं हेच आहे. उद्घाटनाच्या दिवशी झगमगणारी बाग तीन-चार वर्षांत उजाड होते. त्यामागे पैशांची टंचाई क्वचितच असते. रोजची निगा कोणी राखायची, हे ठरलेलं नसतं. आपल्या भागातल्या बागेसाठी काही करू पाहणारे रहिवासी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

आमच्या भागातली बाग नेमकी कोणाच्या मालकीची, हे कसं कळणार?

फाटकावरच्या पाटीवर विसंबू नका. तिच्यावर उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं ते असतं, मालकी नसते. महापालिकेच्या हद्दीत आहे म्हणजे महापालिकेचीच, असंही नाही. जागा म्हाडाची, सिडकोची, एमआयडीसीची, नागपुरात सुधार प्रन्यासची किंवा थेट राज्य सरकारची असू शकते. मुंबईचं ओव्हल मैदान राज्य सरकारचं आहे.

लेआउटमधल्या ‘ओपन स्पेस’चा प्रकार आणखी वेगळा. डिसेंबर २०२० पासून राज्यात (मुंबई आणि काही क्षेत्रं वगळून) लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचा विकास करताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ही जागा तिथल्या भूखंडधारकांच्या वापरासाठी असते. तिथे महापालिका माळी पाठवेल असं गृहीत धरू नका. पण ती बिल्डरचीही नाही. ‘उरलेली जागा’ म्हणून तिच्यावर पार्किंग किंवा खोल्या उभ्या राहत असतील तर लगेच हरकत घ्या.

शोध घ्यायला तीन कागद पुरतात : नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला, भूमी अभिलेख कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड (किंवा सातबारा), आणि मंजूर लेआउटची प्रत. हे कागद हातात येईपर्यंत निवेदनं देत फिरू नका. मालक चुकला की निवेदन एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नुसतं फिरत राहतं.

विकास आराखड्यात बागेचं आरक्षण आहे, पण जागेवर नुसती झुडपं आहेत. थांबावं की काही करावं?

थांबू अजिबात नका. आरक्षण कायम टिकतं हा मोठा गैरसमज आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. ती नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलंही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द झाल्याचं मानलं जातं. जागा मालकाकडे मोकळी होते आणि तिथे इमारत उभी राहते. यात बेकायदा काही नसतं. मालकाची जमीन वर्षानुवर्षं अडकवून ठेवणंही अन्यायाचंच आहे.

म्हणून कामाचा प्रश्न असा : आमच्या प्रभागातल्या कोणत्या आरक्षणांवर कलम १२७ ची नोटीस आली आहे, ती कोणत्या तारखेला आली आणि महापालिकेने पुढे काय केलं? हे माहिती अधिकारात विचारा. नोटीस आलेली असेल तर आपल्या हातात त्या २४ महिन्यांतला उरलेला काळच असतो. रोख मोबदल्याला पैसे नाहीत, असं उत्तर मिळेल. पण टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव चटईक्षेत्र देऊन जागा ताब्यात घेण्याचा मार्ग कायद्यात आहे. आपण रेटा लावायचा तो या मार्गासाठी.

तयार बागेच्या जागेवर दुसरंच काही बांधायचं ठरलं तर?

आराखड्यातलं आरक्षण बदलायचं असेल तर त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करून एक महिन्याच्या आत हरकती मागवाव्या लागतात. हरकत कोणालाही घेता येते. एकाच मजकुराच्या शंभर प्रतींपेक्षा वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या वापराबद्दल लिहिलेल्या वीस हरकती सुनावणीत जास्त वजनदार ठरतात. ‘माझी आई रोज संध्याकाळी इथे चालते, जवळची दुसरी बाग दोन मोठे रस्ते ओलांडून आहे’ अशी एक ओळ अधिकाऱ्याला नकाशावर बोट ठेवायला लावते.

कोर्टाचा आधारही भक्कम आहे. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. १९९१ साली बेंगळोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. लोकांच्या मोकळ्या जागेवर पाणी सोडून खासगी फायदा करून देता येत नाही, असं बजावलं. ‘पण रुग्णालयही लोकांच्याच भल्याचं आहे ना?’ हा युक्तिवाद तिथे टिकला नाही. तुमच्यापुढे तो कोणी मांडला तर हा निकाल दाखवा.

दिवे बंद आहेत, नळ गळतो, बाक मोडला आहे. तक्रार नेमकी कोणाकडे करायची?

बाग एक असली तरी खाती अनेक असतात. झाडं, हिरवळ, माळी आणि रखवालदार उद्यान विभागाकडे. दिवे विद्युत विभागाकडे, नळजोड पाणीपुरवठ्याकडे, कचरा घनकचरा विभागाकडे आणि पाथवे किंवा सीमाभिंत बहुतेकदा भवन किंवा स्थापत्य विभागाकडे. एकाच अर्जात पाच तक्रारी लिहिल्या तर प्रत्येक खातं बाकीच्या चारांकडे बोट दाखवतं. तक्रार एक आणि खातं एक, असं ठेवा. फोटो काढा आणि टोकन नंबर जपून ठेवा.

आधी उद्यान निरीक्षकाला भेटा. त्याच्या हाताखाली किती बागा आहेत आणि किती माळी आहेत हे विचारलंत की अर्धं चित्र तिथेच स्पष्ट होतं. बऱ्याचदा तोच माणूस तुमच्यापेक्षा जास्त वैतागलेला असतो, आणि नागरिकांचं लेखी पत्र आलं तर त्यालाही वर मागणी रेटायला आधार होतो.

काम ठेकेदाराकडे असेल तर कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत मिळवा. दोषदायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) किती, माळी आणि बिगारी किती ठेवायचे, हिरवळ कितीदा कापायची, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपयांत ३० दिवसांत ही माहिती मिळायला हवी. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो. हजेरीपत्रक आणि मोजमाप पुस्तिकाही मागा. फार थोड्यांना ठाऊक असतं की याच कायद्यात प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे.

बागेसाठी पैसा कुठून येतो, आणि मागणी कधी करावी?

महापालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव दिवाळीच्या आसपासच सुरू झालेली असते. मार्चमध्ये दिलेलं निवेदन पुढच्या वर्षात जातं. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. त्यात क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात. बाकं, पाथवेची दुरुस्ती, पाण्याची टाकी अशा कामांना हा मार्ग चांगला आहे. तुमच्या शहरात अशी सोय नसेल तर तिचीच मागणी करा.

लोकप्रतिनिधींचा निधी बहुतेक नव्या बांधकामाला जातो : कमान, कारंजं, पुतळ्याभोवतीचा चौथरा. माळ्याचा पगार त्यातून निघत नाही. म्हणून नगरसेवकाकडे मागायच्या गोष्टी वेगळ्या आणि अंदाजपत्रकाच्या देखभाल-दुरुस्ती शीर्षाखाली मागायच्या वेगळ्या.

कंपन्यांच्या सीएसआर निधीचं, म्हणजे सामाजिक जबाबदारी म्हणून खर्चायच्या पैशाचं, नाव लोक फार घेतात. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत पर्यावरण संवर्धन आहे, त्यामुळे दार उघडं आहे. पण १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थेला सरकारकडे सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपला तो मिळत नाही. शिवाय कंपनीला सहसा फीत कापता येईल असं काम हवं असतं. तीन वर्षांच्या देखभालीचा खर्च करारात लिहून घेता आला तरच पुढे जा.

सुशोभीकरणाला आमचा विरोध असावा का?

कशाला सुशोभीकरण म्हणतात ते आधी बघा. जुन्या बागेची माती उकरून फरशी घालणं, झाडांच्या खोडांना रंग फासणं, फांद्यांवर दिव्यांच्या माळा खिळ्यांनी ठोकणं, आणि वीजबिल भरता न आल्याने दुसऱ्या वर्षी बंद पडणारं कारंजं बसवणं, हे सगळं याच नावाखाली होतं. अशा कामाला विरोध करावाच. इस्टिमेटमध्ये सिव्हिल कामाचा वाटा किती आणि माती, झाडं, पाणी यांचा किती, एवढं तपासलं तरी पुरे. बागेच्या इस्टिमेटमध्ये सिमेंटच जास्त असेल तर ते काम बागेचं नाही. काम सुरू व्हायच्या आधी आराखडा फाटकावर लावावा, ही मागणी मात्र प्रत्येक वेळी करा.

उन्हाळ्यात हिरवळ जळते. टँकर मागवावा का?

आधी हिशेब करू. कडक उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला दिवसाला साधारण पाच लिटर पाणी लागतं. दहा गुंठ्यांची हिरवळ म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर, म्हणजे रोजचे पाच हजार लिटर. १०,००० लिटरचा टँकर दोन दिवसांत संपला. ज्या शहरात मे महिन्यात वस्त्यांना दिवसाआड पाणी येतं, तिथे हे पिण्याचं पाणी हिरवळीवर ओतणं मला पटत नाही.

मग काय करायचं? एक, हिरवळीचं क्षेत्र कमी करा. मुलं जिथे लोळतात, लोक जिथे बसतात तेवढीच ठेवा. फक्त बघण्यापुरत्या पट्ट्यांवर कमी पाण्यावर तग धरणारी झुडपं लावा. दोन, मखमली ‘कार्पेट’ गवताचा हट्ट सोडा. आपली हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते, पहिल्या पावसात पुन्हा उठते आणि पायाखाली तुडवली तरी मरत नाही. पिवळं गवत म्हणजे मेलेली बाग नव्हे, हे लोकांना सांगायला हवं. तीन, पाणी पहाटे द्या. दुपारी बाराला स्प्रिंकलर चालू दिसला तर लगेच तक्रार करा.

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी हा बागांसाठी सर्वांत शहाणा पर्याय आहे, पण त्याला शिस्त लागते. त्याची नळवाहिनी वेगळी हवी, ‘पिण्यासाठी नाही’ अशी पाटी हवी, आणि मुलं खेळत असताना ते फवाऱ्याने उडवू नये. ठिबकला जोडायचं असेल तर गाळणी आठवड्याला धुवावी लागते, नाहीतर महिन्याभरात तोट्या बुजतात. जुनी विहीर असलेली बाग भाग्यवान. तिचा गाळ काढून घ्या, जाळी बसवा, आणि बागेचं पावसाचं पाणी तिच्याकडे वळवा.

कोणती झाडं लावावीत?

जागा पाहून. हा प्रश्न ‘देशी की विदेशी’ असा विचारला जातो, पण त्याआधी विचारायला हवं की झाडाला वीस वर्षांनी किती जागा लागेल. वड आणि पिंपळ कितीही आवडले तरी पाच गुंठ्यांच्या बागेत सीमाभिंतीला लागून लावू नका. छोट्या बागेत बकुळ, ताम्हण, बहावा, कांचन, पारिजातक शोभतात. सावलीसाठी करंज, कडुनिंब, कदंब. पाणथळ कोपऱ्यात अर्जुन किंवा जांभूळ, पण जांभूळ पाथवेवर नको, फळांच्या सड्याने लोक घसरतात. कोकण किनाऱ्यावर उंडी, सुरंगी. विदर्भ-मराठवाड्यात बेल, मोह, पळस. ताम्हण हे आपलं राज्यफूल, आणि मे महिन्यात जांभळ्या घोसांनी लगडलेलं झाड बघून लोक त्याचं नाव विचारतात, एवढ्यासाठी तरी एक लावाच.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष मध्य-दक्षिण अमेरिकेतला. जुनी झाडं आहेत ती सांभाळा, त्यांची सावली आपल्या दोन पिढ्यांनी घेतली आहे. नवी मात्र बाकांजवळ नकोत, कारण गुलमोहराची फांदी वादळात पटकन मोडते. कोनोकार्पस हे परदेशी झाड तर लावूच नका. भराभर वाढतो म्हणून नर्सरीवाले आणि ठेकेदार तो सुचवतात. गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. मुलांच्या बागेत कण्हेर आणि बिट्टी टाळा, दोन्ही विषारी आहेत.

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत, तीन फूट लांब, रुंद आणि खोल. लागवड मृगाचा पाऊस नीट झाल्यावर, जून-जुलैत. वीतभर रोपं हजारांनी लावून फोटो काढण्यापेक्षा पाच-सहा फुटी पंचवीस रोपं लावा आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत त्यांना पाणी कोण घालणार ते नावानिशी ठरवा. ट्री गार्ड वेळेवर काढायलाही विसरू नका. खोडात रुतलेलं लोखंडी कुंपण आपल्या शहरांत जागोजागी दिसतं.

गाजरगवत फुलावर यायच्या आधी मुळासकट उपटा, आणि उपटताना हातमोजे व मास्क वापरा. त्याने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. भारतात या तणाची नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली होती.

मियावाकी जंगल करावं का?

अकिरा मियावाकी या जपानी शास्त्रज्ञाची ही पद्धत, दर चौरस मीटरला तीन-चार रोपं लावण्याची. रस्त्याकडेच्या बाजूला धूळ आणि आवाज अडवायला ती उपयोगी पडते. पण त्या दाटीत कोणी चालू शकत नाही, मुलं खेळू शकत नाहीत. बागेच्या मध्यावर मियावाकी करणं म्हणजे लोकांची जागा काढून घेणं. मैदानावर आणि टेकडीवरच्या माळरानावर तर नकोच. माळरान हा स्वतःचं गवत, पाखरं आणि किडे असलेला वेगळा अधिवास आहे. झाडं नाहीत म्हणून ती पडीक जमीन ठरत नाही.

झाड तोडायचं किंवा छाटायचं असेल तर परवानगी लागते का?

लागते, आणि महापालिकेच्या स्वतःच्या बागेतही लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे वृक्ष प्राधिकरण किंवा वृक्ष अधिकारी परवानगी देतो. तोडायच्या झाडावर दिसेल अशी नोटीस लावावी लागते. या कायद्यात झाड ‘तोडणं’ यात ते जाळणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही येतं. म्हणून खिळे ठोकून बोर्ड लावणं आणि बुंध्याशी कचरा पेटवणं याही तक्रारीच्याच गोष्टी आहेत.

२०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या भरपाईची संख्या त्याच्या वयाशी जोडली. त्यामुळे वयाचा अंदाज कागदावर काय लिहिला जातो ते बारकाईने पाहा. बुंध्याचा घेर स्वतः मोजून, फोटो काढून हरकतीला जोडा. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणंही या कायद्यात आहे. बागेतल्या झाडांची यादी मागवून घ्या, म्हणजे एखादं झाड गुपचूप गेलं तर पुरावा हातात राहतो.

धोकादायक फांद्या पावसाळ्याच्या आधी, मे अखेरपर्यंत उतरवायच्या. एकाच बाजूच्या सगळ्या फांद्या छाटल्या की झाड कलतं आणि वादळात तेच पडतं. छाटणीच्या दिवशी कोणीतरी तिथे हजर राहावं.

झाडांभोवती पेव्हर ब्लॉक बसवले आहेत. त्याने खरंच नुकसान होतं?

होतं. बुंध्याला चिकटून बसवलेल्या ब्लॉकमुळे पाणी आणि हवा मुळांपर्यंत जात नाही. मुळं वर येऊन ब्लॉक उचलतात, मग ठेकेदार तीच मुळं कापून फरशी सपाट करतो. आधाराची मुळं गेलेलं झाड वरून हिरवंगार दिसतं आणि जुलैतल्या एखाद्या रात्री आडवं होतं. दिल्लीतल्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आपल्या बागेत निदान तेवढं वर्तुळ मोकळं करून घ्या. फोडताना ब्रेकर नको, पहार आणि हात वापरावेत. मोकळ्या केलेल्या वर्तुळात माती वर चढवून आळं करू नका. खोडाचा पायथा उघडाच राहू द्या आणि थोडं दूर पालापाचोळ्याचा थर द्या.

पालापाचोळा जाळतात. थांबवायचं कसं?

आधी कायदा : हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाप्रमाणे उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरावे लागतात. पण झाडणाऱ्या बाईंवर ओरडून काही होणार नाही. ढीग उचलायला गाडी येत नाही आणि साहेब मात्र बाग ‘स्वच्छ’ बघायला येतात, म्हणून त्या काडी लावतात. त्यांना जागा करून द्या. बागेच्या कोपऱ्यात विटांचे किंवा जाळीचे दोन हौद, प्रत्येकी तीन-चार फूट उंच. नुसती सुकी पानं कुजायला फार वेळ लागतो. हिरवळीचं कापलेलं ओलं गवत त्यांच्यात थराथराने मिसळा, शेणकाला शिंपडा, ओल मुठीत धरल्यावर हाताला लागेल इतपत ठेवा आणि पंधरवड्याला वर-खाली करा. तीन ते पाच महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत होतं. ते त्याच बागेत वापरा.

खेळणी सुरक्षित आहेत का, हे आम्ही कसं तपासणार?

अवजारं लागत नाहीत. शनिवारी सकाळी अर्धा तास द्या.

झोपाळ्यापासून सुरू करा. रंग बघू नका, साखळीची अगदी वरची कडी बघा, जिथे ती आडव्या दांड्याच्या हुकात अडकते. तिथेच लोखंडावर लोखंड घासतं. कडी झिजून एका बाजूला पातळ झाली असेल किंवा हुकात खाच पडली असेल तर पाळणा त्याच क्षणी बांधून ठेवा. मोठी मुलंही त्यावर उभी राहून झोके घेतात, आणि कडी तुटते ती झोका सर्वांत उंच असताना. नंतर खांब जमिनीत जिथे शिरतो तिथे माती बाजूला करा. गंज आतून तिथेच खातो आणि वरून नवा रंग मारलेला असतो. घसरगुंडीच्या फायबरच्या कडांवरून तळवा फिरवा, तडे आणि कुसळं हाताला कळतात. पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेला तोंड करून असेल तर संध्याकाळी चारला तिच्यावर हात टेकवून बघा.

मग खाली बघा. खेळण्याखाली काँक्रीट किंवा पेव्हर असेल तर ती सर्वांत गंभीर तक्रार. निदान एक फूट खोल वाळू हवी, आणि ती दर आठवड्याला उकरायला हवी, कारण दबलेली वाळू फरशीइतकीच कडक होते. झोपाळ्याच्या आडव्या दांड्याची जेवढी उंची, त्याच्या दुप्पट जागा पुढे आणि तेवढीच मागे मोकळी हवी.

तपासणीची तारीख आणि सापडलेले दोष एका वहीत लिहा आणि प्रत निरीक्षकाला द्या. अपघातानंतर सगळे जागे होतात. ही वही आधी असेल तर तो अपघात टळतो.

बाग दुपारी बंद का ठेवतात? उघडी ठेवता येईल का?

कारण दिलं जातं ते पाणी घालणं, साफसफाई आणि ‘जोडपी बसतात’ हे. माझ्या मते बागा दुपारीही उघड्या हव्यात. दोन घरच्या कामांमध्ये तासभर मोकळ्या असलेल्या मोलकरणी, डबा खायला जागा शोधणारे कुरिअरवाले, रुग्णालयात नातेवाइकाला भेटायला आलेली गावाकडची माणसं, अभ्यासाला घरात जागा नसलेली मुलं, यांना सावलीतलं बाक नेमकं दुपारी लागतं. पहाटे चालणाऱ्यांचीच सोय बघणारी बाग सार्वजनिक म्हणता येत नाही. जोडप्यांनाही कुठेतरी बसायचा हक्क आहे. एका मोठ्या बागेत तीन महिने प्रयोग करून बघा, असा प्रस्ताव दिला तर प्रशासन लवकर तयार होतं.

स्त्रियांना, ज्येष्ठांना, अपंगांना बाग वापरता यावी यासाठी कशावर भर द्यावा?

स्वच्छतागृहावर. ते नसेल किंवा त्याला कुलूप असेल तर बायका वीस मिनिटांत घरी परततात, बाकी कितीही सोयी असोत. पाणी, आतून लागणारी कडी आणि दिवा, एवढं तरी हवंच. दिवे फाटकापासून बसथांब्यापर्यंत हवेत. फक्त आत झगमगाट करून बाहेरची गल्ली अंधारात ठेवली तर उपयोग नाही. झुडपं कंबरेच्या खाली छाटलेली असली की दूरवर दिसतं.

फिरतं गेट काढायला लावा. दुचाकी अडवायला बसवलेलं ते गेट व्हीलचेअर, वॉकर आणि बाबागाडी सगळंच अडवतं. निदान ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी आणि पायरीऐवजी १:१२ चढाचा रॅम्प हवा. अपंग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याचा उल्लेख करून अर्ज करा. बाकांना पाठ आणि हात हवेतच, गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना त्याचाच आधार लागतो.

भटक्या कुत्र्यांचं काय करायचं?

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठरवायची असते. खाऊ घालणाऱ्यांशी भांडण्यापेक्षा त्यांनाच सोबत घेऊन जागा आणि वेळ ठरवा. बागेतल्या कचरापेटीला झाकण आणि बाहेरच्या खाऊगाडीजवळ डबा, एवढ्यानेही फरक पडतो.

बागेत लाऊडस्पीकर आणि मंडप लागतात. परवानगी कोण देतं?

जागेची परवानगी मालक संस्था देते आणि ध्वनिक्षेपकाची पोलीस. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडून. दादरच्या शिवाजी पार्कबाबत रहिवाशांनी पाठपुरावा केला आणि २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र मानलं. मंडपाच्या परवानगीत अनामत रक्कम आणि खड्डे बुजवण्याची अट आहे का ते पाहा, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीचे फोटो काढून ठेवा.

नागरिकांचा गट करायचा आहे. बाग दत्तक घ्यावी का?

गट जरूर करा, दत्तक घेण्याची घाई करू नका. दत्तक म्हणजे वीज, पाणी, माळी, रखवालदार यांचा दरमहा खर्च आणि अपघात झाल्यास उत्तर देण्याची जबाबदारी. पहिला उत्साह ओसरला की हे ओझं दोन-तीन माणसांवर पडतं. वर्षभर नुसती देखरेख करा. खेळण्यांची वही, झाडांची यादी, महिन्यातून एकदा निरीक्षकासोबत फेरी. एवढ्यानेच बागेत फरक दिसू लागतो.

ओव्हल मैदानाचं उदाहरण मोलाचं आहे. नव्वदच्या दशकात त्याची पार दुरवस्था झाली होती. रहिवासी न्यायालयात गेले, पुढे देखभाल त्यांच्या ट्रस्टकडे आली. मैदान सावरलं. आजही तिथे पोरं क्रिकेट खेळतात, आणि मधल्या पायवाटेवरून नोकरदार चर्चगेट गाठतात. २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या वारसा परिसरात हे मैदान आहे, तरी ते कोणालाही पायाखाली घालता येतं. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

कारण उलटंही घडतं. बाग सांभाळणारा गट हळूहळू ठरवू लागतो की आत कोणी यावं. ओळखपत्र, शुल्क, ‘पलीकडच्या वस्तीतली मुलं नकोत’, ‘चेंडू आणायचा नाही’. करार करायचाच तर त्यात लिहून घ्या : प्रवेश सर्वांना, शुल्क नाही, बांधकाम नाही, जाहिरात फलकाचा आकार मर्यादित, हिशेब दरवर्षी फाटकावर, आणि मुदत तीन ते पाच वर्षांची. आणि त्या पलीकडच्या वस्तीतली निदान दोन माणसं गटाच्या बैठकीत बसलेली असू देत.

क्रिकेट खेळणारी मुलं आणि फिरायला येणारे ज्येष्ठ यांची रोज भांडणं होतात.

वेळ वाटून घ्या आणि ती मुलांसमोर बसून ठरवा. त्यांना न विचारता लावलेली ‘खेळण्यास मनाई’ची पाटी कोणी पाळत नाही. शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत मोकळा भाग मुलांचा, कडेचा पाथवे सर्वकाळ चालणाऱ्यांचा, लहानग्यांच्या कोपऱ्यात चेंडू नाही. टेनिसचा चेंडू चालेल, सीझनचा नाही. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर भागतं. खरी अडचण अशी की आसपासची मैदानं गेली म्हणून मुलं बागेत येतात. मैदानाचं आरक्षण शोधा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे लागू पडतं.

आमच्या नगरपंचायतीकडे उद्यान विभागच नाही. गावात काय करता येईल?

राज्य सरकारचं माझी वसुंधरा अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून आहे. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर गुण मिळतात आणि गुणांसाठी नगरपंचायती व ग्रामपंचायती हिरव्या जागांचं काम हाती घेतात. त्याचा उपयोग करून घ्या. पण शहराची नक्कल नको. गावात शाळेचं पटांगण, देवळाचा पार, तळ्याचा काठ अशा आधीपासून वापरातल्या जागा असतात. पार दुरुस्त करा, वडाभोवतीचं काँक्रीट काढा, तळ्याकाठी चार बाकं टाका.

कचरा टाकण्याच्या जागेची बाग होऊ शकते का?

होऊ शकते, आणि याचा उत्तम दाखला मुंबईतच आहे. धारावीजवळ मिठी नदीच्या काठी जिथे शहराचा कचरा पडत होता, तिथे आज ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. १९९४ साली ते लोकांसाठी खुलं झालं. रेल्वेच्या रुळांवरून आणि पुलांवरून दिसणारा तो हिरवा पट्टा एकेकाळी कचऱ्याचा डोंगर होता, हे सांगितलं तर नवख्याला खरं वाटत नाही.

छोट्या भूखंडावर काम सोपं आहे, पण क्रम पाळा. आधी तिथे कचरा कोण आणि का टाकतं ते शोधा. जवळ घंटागाडी येत नसेल तर ती सुरू करून घेतल्याशिवाय बाग टिकणार नाही. मग भराव काढा किंवा त्यावर निदान दीड-दोन फूट चांगली माती टाका, आणि मातीची तपासणी कृषी विद्यापीठाच्या किंवा शासनाच्या प्रयोगशाळेत करून घ्या. जुन्या कचऱ्याच्या जागेवर भाजीपाला आणि फळझाडं लावू नका. पहिली दोन वर्षं करंज, शिरीष अशी चिवट झाडं आणि हरळी पुरे. कुंपण अगदी साधं घाला, पण पहिल्याच आठवड्यात आत जायची वाट आणि बसायला दोन बाकं करा. लोक बसू लागले की रात्री पिशवी फेकायला येणारा हात थबकतो.